अडलेला शब्द

मिरकरवाड्यातल्या दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात किती भाषा असतात, याची आम्ही एकदा मोजदाद करून पाहिली. घरात कोकणी, मकतबात अरबी अक्षरे, दीनियातच्या पुस्तकात उर्दू, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि शाळेच्याच दुसऱ्या तासाला इंग्रजी. रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, बर्फाच्या गाड्या आणि जाळ्यांचे ढीग चुकवत शाळेत जाणारे हे मूल सहा भाषांमधून रोज ये-जा करते. तरीही त्याचे आई-वडील आम्हाला सांगतात, "मुलाला मराठी वाचता येतं, पण कळत नाही." या वेळचे सदर त्या तक्रारीवरच आहे.

"वाचता येतं, पण कळत नाही" हे कसे होते? आम्हाला त्याचे एक कारण असे दिसते. आपली मुले वाचनाची पहिली सवय नाजरा कुरआनातून लावून घेतात. तिथे अक्षराचा उच्चार बिनचूक हवा, थांबायचे तिथे थांबायचे आणि ओघ तुटू द्यायचा नाही. अर्थ पुढे कधीतरी, तफसीर वाचताना. तिलावतीची ती रीत आहे, तिचा सवाब आहे आणि ती तिच्या जागी योग्य आहे. पण तीच रीत मुलाने मराठीच्या धड्याला लावली की मूल सरळ, न अडखळता, गोड आवाजात पूर्ण पान वाचून काढते आणि ऐकणाऱ्याला वाटते, वा! पानात किती शब्द अनोळखी गेले हे ना मुलाला कळते, ना आईला. अडखळत वाचणारे मूल त्या मानाने बरे. ते निदान कुठे अडले हे तरी दिसते.

म्हणून घरात मूल मोठ्याने वाचत असेल तर पान संपल्यावर एकच विचारावे, "काय झालं ते तुझ्या भाषेत सांग." मराठीत सांगायला लावू नये. कोकणीत सांगू द्यावे. कोकणीत सांगता आले तर कळले, आणि जिथे सांगताना गाडी घसरली तिथे शब्द अडला आहे.

आता अडलेल्या शब्दाचे करायचे काय? बहुतेक घरांत दोनच पद्धती दिसतात. एक, मुलाने विचारायचे आणि मोठ्यांनी लगेच अर्थ सांगून टाकायचा. दुसरी, "शाळेत बाईंना विचार." दोन्हींत मुलाच्या डोक्याला काही काम उरत नाही. आमचे म्हणणे असे की गोष्ट वाचताना अडलेल्या शब्दापाशी लगेच थांबूच नये. वाक्य पुरे करावे, पुढचेही एक वाचावे. पाठ्यपुस्तकांत घाटावरच्या शेतीचे शब्द पुष्कळ येतात. समजा असे वाक्य आले : "पावसाची चिन्हे दिसताच त्याने औत सोडले, बैलांना गोठ्याकडे वळवले आणि खळ्यावरच्या कणसांवर घोंगडी टाकली." मिरकरवाड्यातल्या मुलाने औत पाहिलेले नाही, खळेही नाही. पण औत सोडल्यावर बैल मोकळे झाले, म्हणजे औत हे बैलांना जुंपायचे काहीतरी. खळ्यावर कणसे आहेत, म्हणजे ती धान्य ठेवण्याची किंवा झोडण्याची जागा. एवढ्यावर गोष्ट पुढे जाते. बिनचूक चित्र नंतर मिळेल. उलट सांगलीच्या मुलापुढे "सुकती लागली आणि मचवा रुतला" असे वाक्य ठेवा, म्हणजे अडखळणे हा काही आपल्याच मुलांचा दोष नाही हे तुमच्या लक्षात येईल.

अंदाज कधी कधी फसतोही, आणि तो फसण्यात मजा असते. "शेतकऱ्याने नांगर धरला" हे वाचून आमच्या एका छोट्या दोस्ताने शेतात बोट कशाला आली, असे विचारले होते. त्याच्या घरी नांगर एकच, पाण्यात टाकायचा. तो उर्दूतला लंगर. जमीन नांगरायचा नांगर वेगळा, संस्कृत 'लांगल'पासूनचा. मराठीत दोघांचे रूप एक झाले. मुलाचा प्रश्न अगदी बरोबर होता : वाक्याशी अर्थ जुळत नाही, असे त्याला जाणवले होते. हे जाणवणे म्हणजेच वाचणे.

बोटे मुडपण्याची एक जुनी युक्ती आहे, ती लहान मुलांसाठी चांगली. पान वाचताना अनोळखी शब्द आला की एक बोट मुडपायचे. पान संपायच्या आत पाचही बोटे मुडपली गेली तर ते पुस्तक अजून सहा महिने कपाटात राहू द्यावे. दोन-तीन बोटांवर भागले तर खुशाल वाचू द्यावे.

पण याहून मोठी गोष्ट आहे, आणि ती आपल्या घरांपुरती खास आहे. मराठीतला अवघड शब्द म्हणून मूल ज्याच्यापाशी अडते तो कितीतरी वेळा आपल्याच घरातला असतो, फक्त कपडे बदलून आलेला. 'मजकूर' हा शब्द घ्या. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत "खालील मजकूर वाचा" असे छापलेले असते. मुलाला सांगा, हा 'जिक्र'चा सख्खा भाऊ. जिक्र म्हणजे आठवण, उल्लेख. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते. जुन्या कागदांत "गाव मजकूर" म्हणजे वर सांगितलेले गाव, आणि पुढे लिहिलेल्या सगळ्याच भागाला मराठीत मजकूर म्हणू लागले. 'हासिल' ठाऊक असलेल्या मुलाला 'महसूल' आणि 'तहसील' हे दोन्ही एका दमात देता येतात : गोळा करणे, गोळा झालेले. 'हाजिर'पासून हजेरी. 'दाखिल होणे' ठाऊक असेल तर दाखला, दाखल, दखल. 'वारिस' ठाऊक असेल तर वारस नोंद आणि जुन्या कागदातली 'मिरास'. पेन्शनवाल्या आजोबांना दरवर्षी द्यावा लागणारा 'हयातीचा दाखला' हे दोन्ही शब्द मुळात अरबी. सातबाऱ्यावरचा 'मयत' हा तर आपल्या घरांत कुणाला सांगावाच लागत नाही.

अरबीत तीन अक्षरांच्या एका मुळापासून शब्दांचे कुटुंब तयार होते, हे मकतबातल्या मुलाला थोडेफार माहीत असते. त्या माहितीचा मराठी वाचताना उपयोग होतो, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. मिरकरवाड्यातल्या एका दादींना अक्षरओळख बेताची, पण नातवाने वाचून दाखवलेल्या तलाठ्याच्या कागदातले निम्मे शब्द त्यांनी बसल्या जागी सोडवले. नातू शाळेत पहिल्या पाचांत. तो फक्त वाचत होता.

समुद्राचे शब्दही तसेच. 'नाखवा' म्हणजे नाव आणि खुदा. इथे खुदा म्हणजे धनी; नावेचा मालक. 'खलाशी', 'तुफान' अरबीतून आले, 'बंदर' फारशीतून. 'मोसमी वारे' भूगोलात येतात तेव्हा मुले व्याख्या पाठ करतात. तो अरबी 'मौसिम', ठरलेला हंगाम. अरबी व्यापारी ज्या हंगामी वाऱ्यावर गलबते हाकून कोकण-मलबारला येत त्याचे नाव पोर्तुगिजांनी उचलले आणि तेच पुढे इंग्रजीत 'मान्सून' झाले. आपल्या किनाऱ्यावरचा शब्द जगाच्या हवामानशास्त्रात गेला आणि आपले मूल परीक्षेत त्याच्यापाशी अडते, हे काही बरे नव्हे.

हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की ते बाहेर काढण्याचे प्रयत्नही झाले. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला, त्यात कारभारातल्या तेराशेहून अधिक शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द त्यांचे. प्रा. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांची गोष्ट तर गमतीची आहे. फारशी शिकवणाऱ्या या माणसाने १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. या वादात आम्ही इथे शिरत नाही. वाचणाऱ्याच्या दृष्टीने घडले ते एवढेच, की मराठीला एका गोष्टीसाठी दोन-दोन शब्द मिळाले आणि दोन्ही टिकले. अर्जावर 'दिनांक' लिहायचा, कोर्टात 'तारीख' पडायची. मुलाला दोन्ही यायला हवेत.

घरचा शब्द ओळखीचा वाटला की एक धोकाही असतो. शब्द मराठीत येऊन राहिला की त्याचा स्वभाव बदलतो. मकतबात 'कायदा' म्हणजे अलिफ-बेचे पहिले पुस्तक, मराठीत कायदा म्हणजे ज्याने शिक्षा होते तो. आणि 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. 'इस्म' म्हणजे नाव, पण वर्तमानपत्रातला 'अनोळखी इसम' म्हणजे माणूस. 'फाजिल' म्हणजे विद्वान, मराठीत 'फाजील' हुशारी दाखवली तर पाठीत धपाटा. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे दोन बाजूंची समेट, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत खालच्या बाजूला. 'तकरार' म्हणजे भांडण, मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे, आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या माणसाने भांडायला आल्यासारखे दिसू नये! सर्वांत मजेदार आम्हाला वाटतो तो 'किताब'. "कोल्हापूरच्या मल्लाने किताब पटकावला" हे वाचून सातवीतल्या एका मुलीने विचारले, पुस्तकासाठी कुस्ती कशाला? मराठीतला हा किताब पुस्तकाचा नव्हे. तो 'खिताब', पदवी. 'ख'चा 'क' झाला आणि दोन वेगळे शब्द एकासारखे दिसू लागले.

यात एक शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'कमाल'. उर्दूत कमाल म्हणजे वाहवा. मराठीत कमाल म्हणजे जास्तीत जास्त, आणि त्याच्या उलट किमान. औषधाच्या कागदावर, कर्जाच्या अर्जावर, योजनेच्या पत्रकात 'कमाल मर्यादा' असे लिहिलेले असते. मुलाला हे दोन शब्द जोडीने शिकवावेत, आणि घरातल्या मोठ्यांनाही विचारून पाहावे.

सरकारी मराठीत दुसऱ्या प्रकारचेही शब्द आहेत, संस्कृतातून घडवलेले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि कारभार मराठीत आणण्यासाठी हजारो पारिभाषिक शब्द तयार झाले. अधिकाऱ्यांच्या हुद्द्यांचा 'पदनामकोश' निघाला तेव्हा लोकांनी थट्टेने त्याला 'बदनामकोश' म्हटले. बंदरावर सगळे 'परवाना' म्हणतात, कागदावर मात्र 'अनुज्ञप्ती' येते. असा शब्द आला की त्याचे तुकडे करावेत. 'अनधिकृत' यातला 'अन' काढला की 'अधिकृत' उरतो. 'मत्स्यव्यवसाय' मध्ये मासा आणि धंदा दोन्ही दिसतात. तुकडे पडत नसतील तर सरळ विचारावे. 'अनुज्ञप्ती' न कळणे यात लाज कसली? ती कळणारी माणसे रत्नागिरी शहरातही मोजकीच निघतील.

खरे तर नोटिशीत घोटाळा होतो तो या लांबलचक शब्दांनी नव्हे. मोठा शब्द अडतो, म्हणून माणूस कुणाला तरी विचारतो. घोटाळा करतात ते बारके शब्द, जे कळल्यासारखे वाटतात. 'अन्यथा', 'तथापि', 'वगळून', 'धरून', 'खेरीज', 'आत'. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा. त्याखाली पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचा आदेश निघतो. एरवी ही बंदी १ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून, अशी असते. म्हणजे ६१ दिवस. 'दोन्ही दिवस धरून' याऐवजी 'वगळून' असे कुणी वाचले तर ३१ तारखेला बोट बाहेर काढायला मोकळा, असे त्याला वाटेल. 'सात दिवसांच्या आत म्हणणे सादर करावे, अन्यथा काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल' या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, तरी 'अन्यथा' शब्दावर घर उभे राहते किंवा पडते. मिरकरवाड्यात जानेवारी २०२५ मध्ये बंदरावरची बांधकामे हटवली गेली, तेव्हापासून नोटीस हा शब्द इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नोटिशीच्या आतले शब्द मात्र अजून सांगावे लागतात.

कोश घरात असावा का? असावा, पण तो पाहायला शिकवावे लागते. मूल 'विहिरीत' हा शब्द कोशात शोधते, सापडत नाही आणि कोश बंद करते. मराठीत शब्द वाक्यात येताना रूप बदलतो. 'विहिरीत' चा 'विहीर' करून शोधायचा, 'पाण्याने' चा 'पाणी', 'नोटिशीस' चा 'नोटीस', 'गेलो' चा 'जाणे'. ही उलटी वाट चार-आठ दिवस बरोबर बसून दाखवली की मूल स्वतः चालते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची १८५७ ची वाढवलेली आवृत्ती सुमारे ६० हजार शब्दांची आहे आणि ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. आपल्या घरांसाठी त्यात एक सोय आहे : शब्द अरबी की फारशी की संस्कृत हे तो खुणेने सांगतो. नववी-दहावीच्या मुलांना हा खेळ आवडतो. एक शब्द काढायचा आणि तो कुठून आला हे आधी घरात सगळ्यांनी सांगायचे, मग कोश उघडायचा. आम्ही पाहिले आहे, की या खेळात अब्बा हरतात आणि दादी जिंकतात.

गोष्टीतला शब्द सोडून पुढे गेले तर चालते, असे आम्ही वर म्हटले. ज्या कागदावर सही करायची त्याला मात्र हे लागू नाही. तिथे एकही शब्द अंदाजाने सोडायचा नाही. आपल्या घरांतली पुरुष मंडळी बोटीवर असतात किंवा आखातात, त्यामुळे कागद समोर येतो तो बाईच्या. 'कुलमुखत्यारपत्र' हा शब्द तिने वाचला तर 'कुल' म्हणजे घराणे असेल असे तिला वाटते. हे 'कुल' अरबी आहे, मकतबात ऐकलेले 'कुल्ल', म्हणजे सगळे. मुखत्यार म्हणजे ज्याला इख्तियार दिला तो. सगळ्या व्यवहारांचा इख्तियार. एकाच कामापुरता अधिकार द्यायचा असेल तर हा कागद नव्हे, त्या कामाचा उल्लेख असलेला वेगळा कागद हवा. 'बक्षीसपत्र' म्हणजे शर्यतीतले बक्षीस नव्हे. आपले वडीलधारे ज्याला हिबा म्हणतात त्याचा हा कागद, यात जागा दिली जाते आणि मोबदला घेतला जात नाही. 'खरेदीखत' मधले खत शेतात टाकायचे नव्हे आणि पोस्टात टाकायचेही नव्हे. आणि 'हक्कसोडपत्र' तर वाचताच कळते : हक्क सोडला. तो शब्द एवढा सोपा असूनही बहिणी त्यावर सही करतात, कारण त्यांना तो वाचायला दिलेला नसतो. "ताई, फक्त इथे सही कर, वारस नोंदीचं आहे," असे सांगितलेले असते. वारस नोंद म्हणजे वारसांची नावे लागणे. हक्कसोड म्हणजे नाव निघणे. दोन्ही कागदांवर मयत वडिलांचे नाव असते, गट नंबर तोच असतो, फरक कागदाच्या मथळ्यात असतो.

अशा कागदाच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असते, त्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. लिहून देणाराने हा दस्त 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' लिहून दिला आहे. रजा, खुशी, अक्कल, होश. चारही शब्द आपल्या घरात रोज बोलले जातात. सही करणारी त्यावर सही करते तेव्हा ती लिहून देते, की वरचे सगळे मला समजले आहे.

समजले नसेल तर सही करण्याआधी कागदाची नक्कल मागावी आणि घरी आणावी. शाळेत जाणारी मुलगी घरात असेल तर तिला ती मोठ्याने वाचायला लावावी, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर विचारावे, "काय लिहिलंय ते आपल्या भाषेत सांग." जिथे ती थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि त्या खुणा घेऊन ओळखीच्या वकिलाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना तिथे कायद्याचा सल्ला मोफत मिळतो.

तुमच्या घरात कोणते शब्द अडले ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. शब्दाबरोबर तो ज्या वाक्यात आला ते वाक्यही लिहा. नुसत्या शब्दावरून आम्हालाही सांगता येणार नाही.